कौल कोणत्या प्रश्नाचा?

कोकणात आणि गोमंतकात देवाला कौल लावण्याची चाल फार जुनी आहे. गावात काही अडले, पाऊस लांबला, घरात एखादे मोठे कार्य काढावे की नाही असा पेच पडला, म्हणजे मंडळी देवळात जमतात. गुरव मूर्तीला फुले अगर पाकळ्या लावतो आणि सर्वांच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्यांचा या गोष्टींवर विश्वास नाही त्यांनाही या विधीतील एक शिस्त पटण्यासारखी आहे. प्रश्न आधी, मोठ्याने आणि सर्वांच्या देखत विचारला जातो. उत्तर मागाहून येते. गाऱ्हाणे घालण्यापूर्वीच पाकळी गळाली तर तिला कोणी कौल म्हणत नाही, ती वाऱ्याने पडली असे समजतात.

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे वर्तमानपत्रे मोठ्या अक्षरांत ‘जनतेचा कौल’ असा मथळा देतात. शब्द मोठा सुंदर आहे. परंतु तो देवळातून उचलताना विधीचा पूर्वार्ध देवळातच राहिला. जनतेने कौल दिला खरा. पण तिला प्रश्न कोणता विचारला होता? मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घरी परतलेला पुष्कळसा मतदार अलीकडे जी उद्विग्नता बोलून दाखवितो, तिचे मूळ या एका विसरात आहे. आपला उमेदवार हरला याचे दुःख आठ दिवसांत ओसरते. आपल्याला विचारलेच नाही, हे दुःख मात्र पुढील निवडणुकीपर्यंत टिकते.

हे नीट समजावून घेण्यासाठी पालघरचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड असे त्याचे आठ तालुके. लोकसभेचा पालघर मतदारसंघ त्याहून थोडा जुना. २००८ च्या फेररचनेत तो निर्माण झाला आणि २००९ साली तेथे पहिली निवडणूक झाली. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई हे विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून तो होतो.

नकाशावर हा एक मतदारसंघ असला तरी त्यात निदान चार निरनिराळी जगे आहेत. समुद्रकाठी सातपाटीपासून डहाणूपर्यंत मच्छीमारांची आणि बागायतदारांची गावे आहेत. लोहमार्गालगत बोईसर आणि तेथील तारापूर औद्योगिक वसाहत. पलीकडे तारापूरचे अणुविद्युत केंद्र, ज्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. पूर्वेस डोंगर चढत गेले म्हणजे जव्हार-मोखाड्याचे वारली, कोकणा, क ठाकूर आणि कातकरी पाडे लागतात. आणि दक्षिणेस वसई-विरार-नालासोपाऱ्याची दाट नागरी वस्ती, जिचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने उगवतो आणि मावळतो. मोखाड्याच्या बाईला उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची चिंता, तर नालासोपाऱ्याच्या कारकुनाला सकाळच्या गाडीत पाय ठेवावयास जागेची. या चौघांना एकच खासदार निवडावयाचा असतो. अशा ठिकाणी प्रश्न काळजीपूर्वक मांडला गेला नाही तर उत्तराला अर्थ कसा राहणार?

आता २०१८ सालची पोटनिवडणूक पाहू. ॲडव्होकेट चिंतामण वनगा हे भारतीय जनता पक्षाचे खासदार ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत वारले. जागा रिकामी झाली. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा यांना शिवसेनेने उमेदवारी दिली. भारतीय जनता पक्षाने काँग्रेसमधून नुकतेच आलेले माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना उभे केले. बहुजन विकास आघाडीतर्फे माजी खासदार बळीराम जाधव, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे किरण गहला आणि काँग्रेसतर्फे जुने खासदार दामोदर शिंगडा असे प्रमुख उमेदवार होते. मौज अशी की भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना त्या वेळी मुंबईत एकाच मंत्रिमंडळात बसत होते, आणि पालघरात एकमेकांवर तुटून पडले होते.

प्रचाराचे पंधरा दिवस कशात गेले? दिवंगत खासदारांच्या कुटुंबाचा मान कोणी राखला आणि कोणी राखला नाही, हा पहिला विषय. मुख्यमंत्र्यांच्या भाषणाची एक ध्वनिफीत शिवसेनेच्या सभेत ऐकविण्यात आली. तीत ‘साम, दाम, दंड, भेद’ हे शब्द होते. फीत अर्धवट आहे, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले आणि सबंध फीत निवडणूक आयोगाकडे दिली. हा दुसरा विषय. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री विरारच्या सभेस आले असता शिवछत्रपतींच्या प्रतिमेला हार घालताना त्यांच्या पायांत पादत्राणे होती की काय, हा तिसरा. वृत्तवाहिन्यांवर सकाळ-संध्याकाळ हेच चालले, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर त्याचेच पडसाद उमटले.

त्याच महिन्यात या मतदारसंघापुढे कोणते प्रश्न उभे होते याची यादी करून पाहावी. मार्च २०१८ मध्ये, म्हणजे मतदानाच्या अवघे अडीच महिने आधी, तारापूर वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ या वर्षासाठी औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यांकन केले, त्यात ९३.६९ गुणांसह तारापूर देशात सर्वांत प्रदूषित ठरले. वसाहतीचे सांडपाणी खाड्यांत आणि समुद्रात जाते म्हणून मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दारी गेलेली होती. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली होती. विरार आणि बोईसर ही तिची या जिल्ह्यातील स्थानके, आणि तिच्यासाठी जमीन द्यावयाची की नाही यावर गावोगाव वाद पेटला होता. सूर्या नदीवरील धरणाचे पाणी जिल्ह्यातील शेतीस मिळावे की दक्षिणेकडील शहरांना, हा जुना तंटा तसाच होता. वाढवण बंदराची टांगती तलवार किनाऱ्यावर होतीच. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली तेथील बंदराला नकार दिला होता, तरी तो प्रकल्प पुनः पुढे येत होता. आणि डोंगरात कुपोषण. जव्हार भागातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून हा विषय संपलेला नाही.

यांपैकी प्रत्येक प्रश्नावर पाचही उमेदवारांस एकेक सरळ सवाल करता आला असता. खासदार झालात तर बंदराच्या बाजूने मत द्याल की विरुद्ध? तारापूरच्या सांडपाण्यासाठी केंद्राकडे कोणती मागणी कराल? भूसंपादनात ग्रामसभेचा ठराव तुम्ही बंधनकारक मानता की नाही? असे प्रश्न कोणी कधीच विचारले नाहीत असे नव्हे. स्थानिक साप्ताहिकांनी, काही मराठी दैनिकांच्या जिल्हा पानांनी आणि क्वचित एखाद्या चिकाटीच्या बातमीदाराने ते मांडले. पण ते आतल्या पानावर राहिले. पहिले पान भांडणाने अडविले.

मतदान २८ मे २०१८ रोजी झाले आणि निकाल ३१ मे रोजी लागला. श्री. गावित यांना २,७२,७८२ मते पडली, श्री. वनगा यांना २,४३,२१०, श्री. जाधव यांना २,२२,८३८, श्री. गहला यांना ७१,८८७ आणि श्री. शिंगडा यांना ४७,७१४. विजयाचे अंतर २९,५७२ मतांचे. आपल्या पद्धतीत ज्यास सर्वांहून अधिक मते तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते पडलीच पाहिजेत अशी अट नाही. त्यामुळे येथे शंभरांतील सुमारे एकतीस मतांवर खासदार निवडला गेला. पद्धत सर्वांना आधीच ठाऊक असते आणि सर्वांना सारखीच लागू असते. म्हणून यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. परंतु शंभरांतील एकूणसत्तर मते ज्या निकालात दुसरीकडे गेली, त्यास ‘पालघरच्या जनतेचा स्पष्ट कौल’ म्हणणे हे मात्र गणित न केल्याचे लक्षण होय. बंदर हवे असणाऱ्यांची मते कोणाकडे गेली आणि नको असणाऱ्यांची कोणाकडे, हे त्या आकड्यांतून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कारण तो प्रश्न मतदारापुढे ठेवलाच गेला नव्हता.

आणखी एक आकडा त्या निकालात होता. १६,८८४ मतदारांनी ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानंतर ही सोय झाली. बोलीभाषेत तिला ‘नोटा’ म्हणतात. पुष्कळांचा असा समज आहे की नोटास सर्वाधिक मते पडली तर निवडणूक रद्द होते. लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत तसे नाही. उमेदवारांत जो पहिला, तोच निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फेरनिवडणुकीचा जो आदेश काढला, तो स्थानिक संस्थांपुरता होता. म्हणजे लोकसभेत नोटाचे मत हे केवळ नोंदविलेले गाऱ्हाणे आहे. पालघरच्या त्या निवडणुकीत अशा गाऱ्हाण्यांची संख्या विजयाच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक होती. ते बटण दाबणारे उन्हातान्हात केंद्रापर्यंत चालत आले, रांगेत उभे राहिले आणि कोणासही न निवडता परत गेले. त्यांना उदासीन म्हणता येईल काय?

या निवडणुकीत वृत्तपत्रांच्या उथळपणाचा दुसरा एक तोटा दिसला. मतदानाच्या संध्याकाळी टक्केवारी सेहेचाळीसच्या आसपास सांगण्यात आली आणि नंतर ती पन्नासाच्या वर गेली. मते वाढली कोठून, असा सवाल शिवसेनेने केला, आणि त्यावरून मोठे वादळ उठले. त्यातच उन्हाच्या तडाख्याने मतपावतीची यंत्रे काही ठिकाणी बंद पडली होती. त्याच दिवशी मतदान झालेल्या भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदानही घ्यावे लागले. संशय घेणे हा मतदाराचा हक्क आहे. पण टक्केवारी तयार कशी होते एवढे जरी कोणी नीट समजावून दिले असते, तरी संशय कोठे घ्यावा आणि कोठे घेऊ नये हे मतदारास कळले असते.

ती तयार होते ती अशी. दिवसभर दर दोन तासांनी मतदान केंद्राध्यक्ष आपल्या केंद्रावरील मतांचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्यास कळवितो. पुष्कळदा तो दूरध्वनीवरूनच जातो, आणि डोंगरी पाड्यांतून वेळेवर पोहोचतोच असे नाही. त्यांची बेरीज करून जो आकडा संध्याकाळी प्रसिद्ध होतो तो अंदाज असतो. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन त्या सर्वांचे मतदान पुरे करून घेतात. हे काम कधी कधी रात्री बरेच उशिरापर्यंत चालते. शेवटी केंद्राध्यक्ष ‘नमुना १७-सी’ या कागदावर एकूण नोंदलेल्या मतांचा हिशेब लिहितो, आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीस देतो. खरा आकडा तो. ज्या पक्षास शंका असेल त्याने आपल्या प्रतिनिधींकडील या प्रती गोळा करून बेरीज करावी आणि ती मोजणीच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन्ही जुळले तर शंका मिटली. न जुळले तर हाती पुरावा आला. ही साधी गोष्ट वाहिन्यांवरील चर्चेत बाजूस पडली आणि ‘मते वाढली कशी?’ व ‘पराभवाचे निमित्त शोधता काय?’ हे दोनच आवाज घुमत राहिले. परिणाम असा झाला की हरलेल्या बाजूच्या मतदाराचा यंत्रावरील विश्वास डळमळला, आणि जिंकलेल्या बाजूच्या मतदाराने शंकेखोरांस वेड्यांत काढले.

येथवरची हकीकत २०१८ ची. पुढे जे घडले त्याने मतदाराची उद्विग्नता वाढली नसती तरच नवल. ज्या दोन पक्षांनी मे २०१८ मध्ये एकमेकांची अब्रू चव्हाट्यावर मांडली, त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये युती जाहीर केली. पालघरची जागा शिवसेनेकडे गेली. आणि शिवसेनेचा उमेदवार कोण? तर श्री. गावितच. त्यांनी पक्ष बदलला आणि ५,८०,४७९ मते मिळवून श्री. जाधव यांचा ८८,८८३ मतांनी पराभव केला. श्री. वनगा त्याच वर्षी शिवसेनेतर्फेच पालघरचे आमदार झाले. वर्षभरापूर्वी ज्याने वनगा कुटुंबाच्या मानासाठी गावितांविरुद्ध मत दिले आणि घराघरांत त्यावरून शेजाऱ्यांशी बोलणे सोडले, त्याने आता त्याच चिन्हावर त्याच गावितांना मत द्यावयाचे होते. त्या वर्षी पालघरात नोटास २९,४७९ मते पडली. महाराष्ट्रातील ४८ मतदारसंघांत ती सर्वाधिक होती.

२०२२ साली शिवसेना दुभंगली. २० मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे डॉ. हेमंत सवरा ६,०१,२४४ मते घेऊन निवडून आले. शिवसेनेच्या ठाकरे पक्षाच्या भारती कामडी यांना ४,१७,९३८, तर बहुजन विकास आघाडीचे राजेश पाटील यांना २,५४,५१७ मते पडली. नोटाची मते या वेळीही २३ हजारांहून अधिक होती. श्री. गावित उमेदवारी न मिळाल्याने भारतीय जनता पक्षात परतले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शिवसेनेच्या शिंदे पक्षात जाऊन पालघर विधानसभेचे उमेदवार झाले व निवडूनही आले. ज्यांच्या जागी त्यांना उमेदवारी मिळाली ते आमदार होते श्री. वनगा. ते उमेदवारी हुकल्यावर काही काळ कोणाच्या संपर्कात नव्हते. तेवढे दिवस सर्व वाहिन्यांचा पालघराशी संबंध होता. एका माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे दुःख पडद्यावर पुनः पुनः दाखविण्यात आले. नोव्हेंबरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी विरारच्या एका हॉटेलात पैसे वाटल्याचा आरोप झाला, तो साफ नाकारण्यात आला, आणि तो सबंध दिवस त्या हॉटेलाच्या दारातून थेट प्रक्षेपण चालले. दरम्यान ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली होती. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प. त्याने कोणाला काम मिळेल आणि कोणाची मासेमारी जाईल, याचा दोन्ही बाजूंनी शांतपणे हिशेब मांडलेला वृत्तांत मतदारास किती वेळा ऐकावयास मिळाला?

येथे वर्तमानपत्रांचीही बाजू ऐकली पाहिजे. पुढाऱ्यांची भांडणे म्हणजे निव्वळ करमणूक असे म्हणणे बरोबर होणार नाही. पालघरात २०१८ साली जे वैर दिसले, त्याचाच पुढचा अंक २०१९ च्या नोव्हेंबरात राज्यपातळीवर झाला आणि महाराष्ट्राचे सरकार बदलले. तेव्हा ती बातमी देणे हे पत्रकाराचे कर्तव्यच होते. तक्रार आहे ती प्रमाणाची. पानातील मीठ ज्या बेताने वाढावयाचे त्या बेताने ते वाढले नाही. सबंध पान मिठानेच भरले.

असे का होते? याचे कारण बातमीच्या धंद्यात आहे. पालघरहून मोखाड्यास जावयाचे तर मनोर, विक्रमगड, जव्हार करीत डोंगर चढावा लागतो. जाऊन-येऊन दिवस मोडतो. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पगारी नोकर नसतो. त्याचे मानधन तुटपुंजे, आणि जाहिराती मिळवून देण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याच गळ्यात. वाहिनीच्या ‘स्ट्रिंजर’ला बातमीमागे पैसे मिळतात. सांडपाण्याची बातमी करावयाची तर नमुने, अहवाल, न्यायाधिकरणाचे आदेश वाचावे लागतात, आणि एखाद्या जाहिरातदाराचा रोषही पत्करावा लागतो. भांडणाच्या बातमीस यांतले काहीच लागत नाही. पुढारी स्वतः येऊन ‘बाइट’ देतो, तासाभरात दुसरा त्याचे उत्तर देतो. प्रवास नको, पुरावा नको. जो माल फुकट आणि दारात मिळतो तो दुकानदार जास्त ठेवणारच. आणि गिऱ्हाईकही तोच आधी उचलते, हे सुशिक्षित घरांतील वाचकांनी प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. सांडपाण्याच्या अहवालावरून नजर फिरवून, कोण कोणास काय म्हणाला ते आधी वाचणारे डोळे आपलेच असतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा प्रकार उघडकीस आला, आणि भारतीय प्रेस परिषदेने २०१० साली त्यावर अहवाल स्वीकारला. उमेदवाराची स्तुती बातमीच्या वेषात छापून आली की वाचक फसतो, आणि निवडणूक खर्चाचा हिशेबही फसतो. आता जिल्ह्याजिल्ह्यात अशा मजकुरावर नजर ठेवणाऱ्या समित्या असतात. परंतु विकत घेतलेला मजकूर समिती पकडू शकेल. न विचारलेला प्रश्न कोणती समिती पकडणार?

तो मतदारानेच विचारला पाहिजे, आणि त्याची साधने त्याच्या हाताशी आहेत. प्रत्येक उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबर प्रसिद्ध होते. त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरील खटले दिलेले असतात. ते दहा मिनिटांत वाचून होते. खासदाराने लोकसभेत कोणते प्रश्न विचारले हे लोकसभेच्या नोंदींतून कोणालाही पाहता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कार्यालयांतील कागद मागता येतात. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनी ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. ग्रामसभेने निवडणुकीपूर्वी तीन प्रश्न ठरावाने लिहून काढावे आणि प्रत्येक उमेदवाराकडून त्यांची लेखी उत्तरे मागावी. बोईसरच्या गृहनिर्माण संस्थेने आपले तीन काढावे, सातपाटीच्या मच्छीमार संस्थेने आपले. जो उमेदवार उत्तर देणार नाही, त्याचे न देणे हेच त्याचे उत्तर समजावे. आणि ही कागदपत्रे स्थानिक वार्ताहराच्या हाती द्यावी. त्याला आयती आणि पुराव्याची बातमी मिळाली तर ती तो टाकून देईल असे मानण्याचे कारण नाही. बहुतेक वार्ताहर ती आनंदाने छापील.

शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वीही एवढे करून पाहण्यासारखे आहे. दोन घरे दोन पक्षांची असली तरी नळाला पाणी दोघांच्या एकाच वेळी येत नाही, कारखान्याचा वास दोघांच्या खिडकीतून एकसारखाच येतो, आणि आठची गाडी चुकली तर दोघांचीही चुकते. पक्ष निरनिराळे असणाऱ्यांचे प्रश्न एक असू शकतात. पुढारी नऊ महिन्यांत एका मांडवात बसतात, हे पालघरने पाहिले आहे. शेजारी मात्र नऊ वर्षे एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात.

देवळातील विधीत गाऱ्हाणे कोणी घालावे याला नियम आहे. ज्याच्या घरी अडचण, तो उभा राहतो. गुरव फक्त त्याचे शब्द देवापुढे मांडतो. निवडणुकीत मतदार हाच अडचणीचा धनी आणि मतदार हाच कौल देणारा. मधल्या गुरवाने, मग तो पुढारी असो की वर्तमानपत्र, आपलेच गाऱ्हाणे घातले, तर पडलेली पाकळी त्याच्याच प्रश्नाचे उत्तर ठरते. पुढील निवडणुकीची तारीख जाहीर होण्यापूर्वी पालघरातील, बोईसरातील आणि महाराष्ट्रातील प्रत्येक घराने आपले गाऱ्हाणे दोन ओळींत कागदावर लिहून ठेवावे. मते मागावयास येणारा दारात उभा राहिला म्हणजे त्याचा जाहीरनामा घेण्यापूर्वी तो कागद त्याच्या हातात द्यावा.